काशाचा खडक

नाशकात समुद्र नाही.
आमच्या घरात मात्र होता,
तांबट आळीत, ऐरणीच्या मागच्या अंधारात.
आषाढ अमावास्येला तो वर यायचा.

त्या दिवशी सगळी आळी दिवे घासायची.
चिंच, राख, नारळाची शेंडी;
समया, निरांजनं, लामणदिवे पाटावर ओळीनं लखलखीत.
आमची समई फडताळात, काळी.
आई म्हणायची, हात दुखतोय.
वर्षातून एकदा, त्याच तिथीला दुखणारा हात.

वडील, नथू शंकर वडके,
अलिबागकडच्या कुठल्याशा देवळाची समई घेऊन निघाले होते.
पाच वातींची, वर हंस,
गोणपाटात बांधलेली.
दिव्यांच्या अवसेला पोचवतो म्हणून शब्द दिलेला.
भाऊच्या धक्क्याला 'रामदास' लागली होती.
गुरुवार, सकाळचे आठ, सत्तेचाळीसचा जुलै.
देश मोकळा व्हायला महिना उरला होता
आणि मला जन्मायला तीन.

पुढचं मला तेवढंच ठाऊक, जेवढं सगळ्यांना:
पाऊस, वारा, एका अंगाला आलेली लाट,
माणसं दुसऱ्या अंगाला धावली,
बोट कलली.
रेवसच्या कोळ्यांनी पकडलेली मासळी पाण्यात फेकून
होडीत माणसं घेतली.
त्यांत आमचं कुणी नव्हतं.
त्या जागेला म्हणतात काशाचा खडक.
आई एकदाच बोलली त्याबद्दल:
"कासाराला काशानंच ओढलं."

रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणे, काही तासांत.
लांबून लांबून लोक येतात, पितळी डबे घेऊन.
आमच्याकडे विरघळायला काही नव्हतं.
गायधनी गुरुजींनी पळसाची पानं मांडून माणूस केला,
दर्भानं बांधला, डोक्याच्या जागी नारळ.
आईनं विचारलं, हातांना किती पानं?
दोन्ही मिळून शंभर.
"दहा वाढवा," ती म्हणाली,
"उजवा हातोडीचा होता."
गुरुजींनी शास्त्र पाहिलं नाही.
दहा पानं वाढवली.

मग दरवर्षी चुलतभावानं ओंजळ सोडायची गोदावरीत.
मी पायरीवर बसून तीळ मोजायची.

चौथीत बाईंनी नकाशावर रूळ फिरवला:
उगम त्र्यंबक, मग पैठण, नांदेड,
मग पार तिकडे, बंगालचा उपसागर.
मी उभी राहिले.
बाई, पण ते तर इकडे आहेत.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत,
त्यांनी मला नुसतं बस म्हटलं.

घरी काही सांगितलं नाही.
समुद्र डोंगराच्या पलीकडे, हाकेवर,
आणि आमची नदी त्याच्याकडे पाठ करून
अख्खं दख्खन तुडवत निघालेली.
आई गेली तोवर आम्ही ओंजळीमागून ओंजळ
भलत्याच पत्त्यावर धाडत होतो.

ब्रह्मगिरीच्या आसपास म्हणे
दोन हात अंतरानं पडलेले थेंब
एकमेकांना पुन्हा भेटत नाहीत.

यंदा समई काढली.
घोटीच्या गाडीत बसले, पिशवीत ती, चिंचेचा गोळा, राखेची पुडी.
कंडक्टरनं विचारलं, कुठं?
म्हटलं, वैतरणेवर.
तो पोरगा हसला: "आजी, एवढ्यात?"
म्हटलं, अर्धं तिकीट दे, परतीचंही लागेल.

काठावर चिखल होता. दगडावर बसून घासत राहिले.
काळं निघता निघेना.
मग बुडाशी मठार दिसू लागली,
एकेक ठोका, बोटाच्या पेराएवढा,
सरळ रेषेत आलेला, आणि एके ठिकाणी जरा चुकलेला.
तिथं कुणी हाक मारली असेल, जेवायला वगैरे.
त्या चुकलेल्या ठोक्यावर
मी अंगठा ठेवून बसले, बराच वेळ.

हात धुतले.
काळं पाणी दगडावरून घसरलं,
क्षणभर घुटमळलं,
आणि पश्चिमेच्या उताराला लागलं.